मोकळे काकांच्या गाठी

आमच्या शेजारी राहणाऱ्या गृहस्थांचं आडनाव मोकळे आहे, आणि त्यांच्या अंगावर गाठ नसलेला एकही कपडा नाही. खांद्यावरच्या दुपट्ट्याच्या दोन्ही टोकांना गाठी, रुमालाच्या कोपऱ्यांना गाठी, बुशकोटाच्या शेपटीला गाठ. घरात खिडकीच्या पडद्यालाही गाठ. परसातल्या दोरीवर वाळत घातलेली त्यांची बनियन मी गाठीसकट पाहिली आहे. कॉलनीतली पोट्टी मागे त्यांना 'गाठोडे काका' म्हणतात. समोर म्हणायची हिंमत नाही, कारण काका त्या पोट्ट्याचं नाव, बापाचं नाव आणि दहावीत कोणत्या विषयात लटकला ते भर चौकात सांगून मोकळे होतात.

काकांचं म्हणणं असं की त्यांची स्मरणशक्ती गेली. थोडीथोडकी नाही, मुळासकट गेली. सारी नोकरी त्यांनी अकोल्याच्या एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये केली. तिथे कापसातून रुई वेगळी निघायची, सरकी वेगळी पडायची, आणि रुई दाबून तिच्या गाठी बांधून घेणं हे काकांचं काम. रिटायर झाल्यावर अमरावतीला घर बांधून आमचे शेजारी झाले. आता रोज सकाळी फाटकाशी उभे राहतात, डोक्यावर टिचकी मारतात आणि मला ताजी बातमी म्हणून एकच बातमी देतात.

"रुई गेली, सर. निरी सरकी राह्यली."

मी एका कॉलेजात गणित शिकवतो, म्हणून 'सर'.

"आता काय झालं, काका?"

"काल फोडणीले मोहरी टाकली का जिरं, ध्यानातच नाही."

आता मला सांगा, काल फोडणीला काय टाकलं हे कोणाच्या बापाच्या लक्षात राहतं? मी स्वतः चष्मा कपाळावर चढवून घरभर चष्मा शोधणारा माणूस. मध्ये एकदा मी दुसऱ्याच वर्गात जाऊन पूर्ण तास शिकवून आलो. पोरांनीही हूं की चूं केलं नाही, गाढवांनी. पण म्हणून मी काही दवंडी पिटत फिरत नाही. काका फिरतात. दूधवाल्याला सांगतात, पेपरवाल्याला सांगतात, गॅसचं सिलिंडर खांद्यावर घेऊन उभ्या असलेल्या माणसाला थांबवून सांगतात. तो बिचारा म्हणतो, "काका, आंदी सिलिंडर कुठी ठेवू ते सांगा."

आणि ज्या गोष्टी यांनी विसराव्यात असं आम्हाला मनापासून वाटतं, त्या मात्र कोरून ठेवल्यासारख्या जागच्या जागी.

"पोळ्याच्या दिवशी तुमी नालीत पडले व्हते ना सर, तई पिवळा शर्ट व्हता तुमच्या अंगात. खिशात फुटाने व्हते. पडल्यावर आंदी फुटाने पाह्यले तुमी, मंग कोपर."

ही गोष्ट विसरायला मला किती वर्षं लागली होती! मी चिडून विचारलं, "मग हे बरं आठवते तुम्हाला?"

"हा कचरा हाय, सर. कचरा ऱ्हायते. रुई उडते."

मी नकळत कोपर चोळत आत गेलो.

गाठींचं त्यांचं शास्त्र आहे. किरकोळ कामाला सुरगाठ, बँकेच्या कामाला निरगाठ, पुण्याच्या मुलाला फोन करायचा असेल तर गाठीवर गाठ. कोणतीही गाठ दाखवून विचारा, ही कशाची? काका धाडकन सांगतात. मी एकदा म्हटलं, "काका, गाठ कशाची ते आठवते, म्हणजे काम आठवते. मग गाठ कशाला?" तर माझ्याकडे त्यांनी अशा नजरेने पाहिलं, की गणित कोणी शिकवायला ठेवलं या माणसाला.

एकदा विजेचं बिल भरायचं होतं. हाताशी रुमाल नव्हता, म्हणून काकांनी खूणगाठ मारली ती पायजम्याच्या नाडीला. ती बसली निरगाठ. पुढचं मी सविस्तर सांगत नाही, सभ्य लोक वाचत असतील. एवढंच सांगतो की काका रांग सोडून रिक्षाने घरी आले, फाटकातूनच "सर, कैची! कैची!" असे ओरडले, आणि आमच्या शिवणाच्या कात्रीने त्यांची अब्रू वाचली. दहा मिनिटांनी नवा पायजमा घालून हसत हसत बाहेर आले.

"पाहा! बिल भराचं इसरलो का नाही?"

परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखा चेहरा होता. तेव्हाच मला शंका यायला हवी होती. सगळी दुनिया विसरल्यावर खजील होते. हा माणूस खूश होत होता.

गाठींची ही विद्या मुळात यमुनाकाकूंची, म्हणजे त्यांच्या बायकोची. ठेंगण्या, गोल, आणि सदा हसू दाबून असल्यासारख्या. काका बाहेर निघाले की काकू दारात त्यांच्या दुपट्ट्याचं टोक धरायच्या, गाठ मारायच्या आणि म्हणायच्या, "इसरू नका बरं." काका कोपऱ्यावरच्या पानठेल्यापर्यंत जायचे, गाठ पाहायचे, कपाळावर हात मारायचे आणि परत. फाटकाशी उभे राहून साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडायचे, "अवं, गाठ कायची व्हती?"

खिडकीतून काकू, "हिंग! हिंग सांगतला व्हता!"

मग आलेच आहेत तर अर्धा कप चहा. चहा पिऊन काका पुन्हा निघायचे, पानठेल्यावरून कधी पुन्हा परत यायचे. "अवं, खडा का भुकटी?" मोकळ्यांकडे आज काय आणायचं आहे ते आमच्या घरात बसून आम्हाला कळायचं. माझी बायको सुनंदा पोळ्या लाटता लाटता हसायची.

काकू गेल्या त्याला आता दोन वर्षं होतील. भर दुपारी, अचानक, हृदयाचा झटका. काका गावातल्या इतवारा बाजारात गेले होते. आले तेव्हा आटोपलं होतं. त्यानंतर गाठी मारायचं काम काकांनी स्वतःच्या हातात घेतलं, आणि डोकं गेल्याची ओरडही तेव्हापासूनचीच.

सगळ्या गाठी सुटायच्या, नव्या पडायच्या. एक मात्र नाही. दुपट्ट्याच्या डाव्या टोकाची. तो दुपट्टा काका गाठीसकट स्वतः धुतात, गाठीसकट घड्या घालतात. भांडीवाल्या बाईने एकदा चांगुलपणाने ती सोडायला घेतली, तर काका असे खेकसले की बाई हातातलं घमेलं टाकून आमच्याकडे आली. "हात नका लावू! थे कामाची हाय!" कोणत्या कामाची, विचारलं तर गप्प. गाठींचं सगळं शास्त्र पाठ असलेला माणूस या एका गाठीला गप्प.

आणखी एक खूळ. काका रोज काहीतरी विकत आणतात आणि दुसऱ्या दिवशी ते आमच्याकडे आणून देतात. "काल घेतलं, सर. काहून घेतलं ध्यानात नाही. ठेवा तुमी." एक दिवस सांबाराची जुडी. सांबार म्हणजे आपली कोथिंबीर. हे मी पुण्यातल्या लोकांसाठी सांगतो, कारण काकांच्या पुण्याच्या सुनेला एकदा येता येता सांबार आणायला सांगितला तर ती डबाभर इडलीचं सांबार घेऊन आली होती, आणि ते वांग्याच्या भाजीवर भुरभुरवायचं कसं याचा काका संध्याकाळपर्यंत विचार करत होते. असो. तर कधी सांबार, कधी देवाच्या वाती, कधी सुयांचं पाकीट, पापडखार, झाडू. एकदा तर हिरव्या बांगड्या. "काका, बांगड्या?" सुनंदा म्हणाली. काका म्हणाले, "पाहा ना बाई. निरी सरकी." वस्तू एक रात्र त्यांच्याकडे मुक्काम करून मगच आमच्याकडे का येते, हे आम्ही कधी विचारलं नाही. फुकटचा सांबार मिळत असल्यावर माणूस चौकशा करत नाही.

मुलगा पुण्याहून फोनवर सांगून थकला, "बाबा, तुम्ही ठणठणीत आहात." अमरावतीच्या दोन डॉक्टरांनी तपासून तेच सांगितलं. काका दोघांवरही रागावले.

"ओयखीचे हायेत. तोंडावर कसे सांगतीन? सर, मले कोनीतरी सांगा ना, का मोकळे, तुहं डोकं गेलं. येवढंच पाह्यजे मले. बस."

"अहो, लोक डोकं ठीक आहे ऐकायला डॉक्टरकडे जातात!"

"लोकाईचं लोकापाशी. मले अकोल्याले घेऊन चाला. तिथी मले कोनी ओयखत नाही."

ज्या गावात उभी नोकरी केली तिथे कोणी ओळखत नाही! पण सुनंदा म्हणाली, "जा हो, एवढं म्हणून राहिले तर." म्हणून रजा टाकून मी एका बुधवारी काकांना घेऊन बसमध्ये बसलो.

अकोल्याच्या स्टँडवर उतरल्यापासून नमस्कार सुरू झाले. रिक्षावाल्याने "मोकळे साहेब!" म्हणून पाय धरले. डोक्याच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात पाऊल टाकतो तर बाकावर जिनिंगमधले जुने नथ्थूजी बसलेले, तोंडावर रुमाल घेऊन. दोघांनी एकमेकांना पाहिलं आणि दोघेही चोरी पकडल्यासारखे दचकले.

"काहून बे नथ्थू, तू इथी?"

"सहज आलो व्हतो, साहेब. तुमी?"

"मी बी सहजच."

मग काकांना राहवेना. नथ्थूजींच्या लग्नात पाऊस कसा आला, मांडव कोणत्या बाजूला कलला, पंगतीत वरणात पाणी कोणी ओतलं, त्यांच्या पहिल्या सायकलची घंटी कोणी चोरली आणि चोराच्या सासऱ्याचं गाव कोणतं, हे सगळं दणदणीत आवाजात सुरू झालं. डॉक्टरांच्या खोलीचं दार सताड उघडं. मी काकांचा बुशकोट ओढून म्हटलं, "काका, गप बसा. तुमची केस कमजोर होऊन राहिली."

डॉक्टर म्हणजे माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची एक हसतमुख मुलगी.

"आजोबा, आज वार कोणता?"

"बुधवार. एकादशी. अमरावतीले आमच्या गल्लीत नळ येते तो दिवस."

"छान. आता तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा. आंबा, खुर्ची, नदी. मी नंतर विचारीन."

"नंतर काहून? आत्ताच इचारा ना, इसराच्या आंदी."

ती हसली. "शंभरातून सात वजा करत चला." काका निघाले ते थांबेचनात. दोनावर आले, जरा घुटमळले आणि म्हणाले, "उने पाच. उने बारा." डॉक्टरीणबाईंनी हात जोडले.

"बरं, आता आठवतील तितक्या जनावरांची नावं सांगा."

काकांनी डोळे मिटले. "ढवळ्या. पवळ्या. सर्जा. आमच्या मामाची म्हैस व्हती, चंद्री. पाटलाचा एक मारका गोऱ्हा व्हता, त्याचं नाव..."

"तशी नावं नाही, आजोबा. म्हणजे वाघ, सिंह..."

"वाघाचं नाव मले कसं मालूम राहीन, बाई? त्याच्यासाठी सेमाडोहच्या जंगलात जाऊन इचारा लागन!"

बाहेर नथ्थूजी खो खो हसत होते. मीही तोंडावर हात धरला होता. शेवटी डॉक्टरीणबाईंनी ते तीन शब्द विचारले.

"आंबा, खुर्ची, नदी," काका पडेल आवाजात म्हणाले.

"आजोबा, तुमची स्मरणशक्ती एकदम छान आहे! थोडंफार तर आम्हीही विसरतो. काही झालेलं नाही तुम्हाला."

"पुन्हा पाहा."

"गरज नाही, आजोबा."

"मशीनगिशीन लावा एखांदी. बाई, अकोल्यापर्यंत आलो ना मी!"

मी हसायला लागलो आणि मध्येच थांबलो. काकांनी दुपट्ट्याचं डावं टोक मुठीत आवळलं होतं.

परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले आणि बोरगाव मंजूचा थांबा गेला तरी बाहेरच पाहत राहिले. मला वाटलं, चिडले. मी म्हटलं, "काका, पेढे वाटा आता. रुई शाबूत आहे."

"डोकं चांगलं हाय म्हने थे."

"हो मग."

"मंग मी इसरलो नाही, सर."

"काय विसरला नाही?"

त्यांनी दुपट्ट्याचं डावं टोक मुठीतून काढलं. गाठ धुऊन धुऊन दगडासारखी झाली होती.

"हे तिनं बांधली व्हती. त्या दिवशी. बांधता बांधता काहीतरी बोलली. मी चपला पाहून राह्यलो व्हतो. म्हटलं, कोपऱ्यावरून परत याचंच हाय, तई इचारू. रोजच येतो ना मी. पन पानठेल्यापाशी एक ओयखीचा स्कुटरवाला भेटला. म्हने, बसा, इतवाऱ्यात सोडतो. बसलो. तिथी गिला वडा खाल्ला, सर. वरून ताक पेलो. आन् घरी आलो तं..."

कंडक्टर तिकीट विचारत पुढे आला, आमच्याकडे पाहून तसाच मागे गेला.

"मी म्हनो, डोकं गेलं म्हनून इसरलो. म्हाताऱ्याचं डोकं जाते, त्याले कोन काय म्हनन? ते बी काही म्हनली नसती. आता हे बाई म्हनते, डोकं चांगलं हाय. मंग इसरलो नाही ना मी. मी आयकलंच नाही."

मग ते स्वतःशीच म्हणाले, "आंबा, खुर्ची, नदी. पाहा. त्या बाईची खुर्ची ध्यानात हाय माह्या."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. "म्हणजे काका, तो सांबार, त्या वाती, बांगड्या..."

"एक एक आनून पाहतो. तिच्या फोटोपुढे ठेवतो रातभर. म्हनतो, हे सांगतलं व्हतं का वं? कायलेच मन हो म्हनत नाही."

मी त्यांचा हात धरून बसलो आणि मूर्तिजापूरपर्यंत मला बाहेरचं काही नीट दिसलं नाही.

घरी आल्यावर मी सुनंदाला सगळं सांगितलं. लाटणं तिच्या हातात तसंच राहिलं. "त्या दिवशीची गाठ? अहो, मग आधी का नाही बोलले काका!" ती तशीच पिठाच्या हाताने अंगणात गेली, पण काकांच्या घरातला दिवा मालवला होता.

सकाळी काका नेहमीसारखे पिशवी घेऊन निघाले. पानठेल्यापर्यंत पोचले असतील तोच सुनंदा मागून पळत गेली. चपला न घालता. मी तिच्यामागे. पानठेलेवाल्याला वाटलं, घरात साप निघाला.

"काका, थांबा! थे गाठ कायचीच नव्हती!"

"आँ?"

"त्या दिवशी मी तुमच्या घरीच होती. कुरडयाचा सोऱ्या मागायले आली होती. काकूनं गाठ मारली, 'इसरू नका बरं' म्हटलं, आन् तुमची पाठ फिरल्यावर माह्याकडे पाहून डोळा मारला."

"डोळा? तिनं?"

"मी म्हटलं, काय आनाले सांगतलं, काकू? तर हासत सुटल्या. म्हने, काहीच नाही वं. निम्म्या गाठी अशाच बांधते मी. बिनकामाचं बोलावलं तं हा मानूस घरी येत नाही. गाठ दिसली का इचारायले येते, अर्धा कप चहा पेते आन् जाते. तेवढंच."

काका तोंड उघडं टाकून उभे होते. "आन् मंग हिंग?"

"इचारलं का तोंडाले येईल ते सांगायच्या."

"म्हनूनच!" काका एकदम ओरडले. "म्हनूनच घरात जिथी हात घालतो तिथी हिंगाची डबी निंगते! मी म्हनो, हे बाई हिंग खाते का आंगाले लावते! बैताड बाई!" आणि ते हसायला लागले. पोट धरून, पानठेल्याच्या खांबाला टेकून हसले. सुनंदा हसली, मी हसलो, काहीच न कळलेला पानठेलेवालाही हसला. हसता हसता काकांनी दुपट्ट्याने डोळे पुसले, ते पुसत पुसतच राहिले.

मी म्हटलं, "चला काका, सोडा आता ती गाठ."

त्यांनी टोक मुठीत घट्ट धरलं. "अशी कशी सोडू? इचारलं कुठी अजून?"

इतवाऱ्याचा रस्ता समोर होता. काका वळले आणि घराकडे निघाले, पिशवी हलवत, भराभर. फाटकाशी थांबले. खिडकीकडे तोंड केलं आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले, "अवं, गाठ कायची व्हती?"

समोरच्या घरातली बाई केर काढता काढता थांबली. खिडकीचा गाठ मारलेला पडदा जरासा हलला.

"आलो, आलो," काका म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले.